खुरदाद महिन्यातला जन्म

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकांत आठवणी लिहिणारे निवृत्त लोक बहुधा शूर असतात. त्यांनी वरिष्ठांना तोंडावर सुनावलेलं असतं, खिशात राजीनामा घालून ते फिरलेले असतात. मी कधी राजीनामा लिहिला नाही. लिहायला बसलो असतो तरी हात थरथरून दौत सांडली असती. उस्मानाबादच्या नोकरी कचेरीत मी कारकून होतो आणि तिथली माझी बरीचशी वर्षं भीतीतच गेली. ही आठवण त्या भीतीची आहे, आणि बेंबळीच्या लिंबाजीची.

कचेरीचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं. लोक सुटसुटीत 'नोकरी कचेरी' म्हणत आणि त्यामुळे त्यांचा समज होई की इथं नोकऱ्या ठेवलेल्या असतात. आमच्याकडे नोकऱ्या नव्हत्या, कार्डं होती. माणूस यायचा, शाळेचा दाखला दाखवायचा. आम्ही त्याचं नाव, गाव, शिक्षण आणि जन्मतारीख एका जाड कार्डावर उतरवून ते पेटीत ठेवायचो आणि दुसरं लहान कार्ड त्याच्या हातात द्यायचो. एखाद्या खात्याला शिपाई किंवा पहारेकरी हवा असला की ते खातं आम्हाला कळवी. मग ज्याचं कार्ड जुनं त्याचं नाव आधी, अशा क्रमानं आम्ही यादी करून पाठवायचो. निवडणारे वेगळे असत. दर दोन महिन्यांनी माणसानं येऊन आपल्या कार्डावर शिक्का मारून न्यायचा. तारीख चुकली की नाव रद्द, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला.

यादीत नाव गेलं की त्या माणसाला पोस्टकार्ड जायचं. त्याला आम्ही 'कॉल' म्हणायचो. खेड्यातल्या तोंडी त्याचा 'काळ' झाला. माणसं खिडकीशी येऊन विचारत, "सायेब, माजा काळ आला का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढं एकदा एक बाई दोन कोस चालत आली आणि गजांना धरून म्हणाली, "आमच्या मालकाचा काळ आजून कसा येईना वो?" तेव्हा आमचे शिपाई गफूरभाईसुद्धा दुसरीकडे बघायला लागले. त्यानंतर मी त्या शब्दाला हसलो नाही.

सगळ्यात जाड पेटी चौथी पास झालेल्यांची. न शिकलेला माणूस खडी फोडायला, मोळ्या वाहायला निमूट जायचा. मॅट्रिकवाल्याला आज ना उद्या कारकुनी मिळायची. चौथीवाला मधल्यामधे लटकलेला. घरच्यांनी चार वर्षं त्याला ढोरांमागं न धाडता शाळेत धाडलेलं असायचं, हा हापिसात बसणार असं गावभर सांगून झालेलं असायचं. सरकारात त्याच्या जोगी जागा एकच, शिपायाची, आणि तिला पंचविशीची अट. पंचवीस पुरी झाली की मी लाल पेन्सिलीनं त्याच्या कार्डावर आडवी रेघ मारायचो. त्या पेन्सिलीची मला स्वतःलाच भीती वाटे. रेघ मारताना मी कार्डावरचं नाव वाचायचं टाळत असे.

या भीतीचं मूळ घरात होतं. आम्ही तुळजापूरचे. देवीची सेवा काकांकडे, वडील मात्र निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे हद्दीवर मालाची जकात घेणाऱ्या खात्यात, नाक्यावरचे कारकून. संस्थान गेलं, हद्द पुसली गेली, मग नाके कशाला? नाके उठले आणि वडील घरी बसले. रोज सकाळी अंघोळ करून ते शेरवानी चढवायचे, टोपी घालायचे आणि ओसरीवर येऊन बसायचे. कुणीतरी बोलवायला येईल, असं त्यांना वाटे. दुपारी बाराच्या सुमारास शेरवानी उतरवून तिची घडी घालायचे. हे मी चार वर्षं पाहिलं. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी आईची आम्हाला खूण असायची.

मला नोकरी लागली तीही हंगामी. दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचा हुकूम यायचा, तो येईपर्यंत जेवण गोड लागत नसे. म्हणजे खिडकीबाहेरचे लोक दोन महिन्यांच्या शिक्क्यावर आणि मी तीन महिन्यांच्या हुकमावर. आमच्या मधे खिडकीचे गज होते इतकंच.

मला घेतलं होतं ते उर्दूसाठी. निजामाच्या राज्यातल्या शाळांचे दाखले उर्दूत असायचे, आणि आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांना ती लिपी म्हणजे कागदावरून चाललेल्या मुंग्या. दाखल्याचं मराठी करायचं आणि खाली सही ठोकायची हे माझं काम. त्यात खरी मेख तारखेची. दाखल्यावर जन्म फसली सालात लिहिलेला असे. फसली हे संस्थानचं सरकारी साल. ते ऑक्टोबरात सुरू होई आणि त्याचे महिने आजूर, दय, बहमन असे निराळेच. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघतो. पण हे फक्त पहिल्या तीन महिन्यांना. तेवढ्यात जानेवारी उजाडतो आणि इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून पुढच्या सगळ्या महिन्यांना पाचशे एक्याण्णव मिळवायचे. महिना बघितल्याशिवाय बेरीज करायची नाही, एवढीच या विद्येतली गोम. मला ती ठाऊक होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला अज्ञानाची सूट द्याल.

एका उन्हाळ्यात आवई उठली की ढोकीला साखर कारखाना निघणार, हजारो माणसं घेणार, पण नाव आधी नोकरी कचेरीत पाहिजे. आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. सकाळी मी कचेरीवर पोचलो तर समोरचं मैदान माणसांनी भरलेलं. पार उमरग्यापासून ट्रकांवर बसून लोक आले होते. प्रत्येकाच्या हातात दाखला. कुणी फडक्यात गुंडाळलेला, कुणी बांबूच्या नळीत घातलेला, कुणी पोथीत ठेवून आणलेला. गफूरभाई दारात दोन्ही हात पसरून ओरडत होते, "धक्का नको मारो रे! एक एक आओ! क्या लोगां है ये! अरे बावा, ये कारखाना नहीं, दफ्तर है!"

खिडकी उघडली आणि गजांतून हात आत आले. इतके हात, की पलीकडची तोंडं दिसेनात. मागून रेटा आला तसं तावदान फुटलं. पुढच्या माणसाच्या कोपराला काच लागली आणि रक्ताचे थेंब माझ्या टेबलावर पडले. तरी तो माणूस हात मागं घेईना, दाखला धरूनच राहिला. साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले, पांढरे पडले होते. मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत एकही माणूस नाव न लिहिता परत जाता कामा नये. गेला तर दगड येतील."

मला वाटलं, दगड आलेच. गर्दीतल्या एकानंही दगड उचलला नव्हता, हे आज कळतं. त्या वेळी मला गजांतल्या प्रत्येक हातात दगडच दिसत होता. दुपारपर्यंत मी प्रत्येकाचा महिना बघून बेरीज केली. दुपारनंतर महिना कागदावर उतरवायचो, पण बेरजेत धरायचं सोडून दिलं. साल बघायचं, पाचशे नव्वद मिळवायचे, पुढचा.

त्या रेट्यात बेंबळीचे दोघे चुलतभाऊ खिडकीशी आले. दोघंही 'चहारूम पास', म्हणजे चौथी पास. दाखल्यावर तसा शब्द असे आणि माणसं तो पदवीसारखा उच्चारत. एक उंच आणि गप्प. दुसरा बुटका, बोलका. त्यानं आपला दाखला कपाळाला लावला, आत देता देता मागं घेतला आणि उंचाला पुढं केलं.

"आदी दादाचं घ्या, सायेब. श्रीपतदादा थोरला हाय. सा म्हैन्यांनी थोरला."

"नाव काय तुझं?"

"म्या लिंबाजी. पर आदी दादा. थोरल्याच्या आदी कसं लिवावं?"

"इथं थोरला-धाकटा नसतो," मी ओरडलो, "आण इकडं!" दोघांचे दाखले एकदमच ओढून घेतले. दोघांचं फसली साल एकच होतं. दोघांना पाचशे नव्वद मिळवले, सह्या ठोकल्या, कार्डं बाहेर सरकवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

श्रीपती शिक्क्याला आला की शिक्का घेऊन जायचा. लिंबाजी मात्र तारखेच्या आदल्या दिवशीच हजर व्हायचा. बेंबळीहून पायी. मुदत चुकायची त्याला एवढी धास्ती, की कचेरी बंद झाल्यावर मुक्कामाला गावात थांबून सकाळी सगळ्यांच्या आधी पायरीवर बसलेला असायचा. पूर्वी तो एका कापसाच्या जिनिंगमधे गाठींवर नंबर घालायचा. चार यत्तांचा त्याला झालेला उपयोग तेवढाच. ती जिनिंग बंद पडली. घरची जमीन एकाला पुरेना, तिथं दोघं. गावातली टवाळ पोरं त्याला 'हापिसर' म्हणून हाक मारत. त्याचं कार्ड बायकोच्या कुंकवाच्या डब्यात असायचं, त्यामुळे त्याला लाल बोटं लागलेली असत. शिक्क्याची नोंद करताना ते कुंकू माझ्या हातून पेटीतल्या कार्डालाही लागे. दर वेळी ते हातात घेतलं की मी आधी उलटून बघायचो. वाटायचं, यावर रेघ मारून झाली की काय.

"सायेब, खरं सांगू का," एकदा तो गजांशी तोंड आणून म्हणाला, "पंचइशीच्या आत लागली तर लागली. लई भ्या वाटतंय."

"लागेल," मी म्हणालो. आम्ही सगळ्यांनाच तसं म्हणायचो.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एका खात्यातून शिपायांची मागणी आली. चौथी पास, वय पंचविशीच्या आत. मी कार्डं मांडली. क्रमानं बेंबळीच्या दोघांची पाळी आलीच होती. श्रीपतीला पंचविशीला अजून तीन-चार महिने बाकी होते. लिंबाजीची कार्डावरच्या तारखेप्रमाणे एप्रिलातच पंचवीस पुरी झाली होती. मी रेघ मारली. सवयीप्रमाणे नाव वाचलं नाही, पण कार्डाला कुंकवाचे डाग होते.

शुक्रवारी दोघेही खिडकीशी उभे. श्रीपतीच्या हातात पोस्टकार्ड.

"दादाला काळ आला, सायेब. मंगळवारी मुलाकत हाय. माजा आला न्हाय."

मी पेटी उघडल्यासारखं केलं. "तुझी पंचविशी उलटली."

"माजी?" लिंबाजीनं श्रीपतीकडं बघितलं. "आन दादाची?"

"त्याची अजून व्हायचीय."

तो चक्क हसला. "काय म्हणायलाव, सायेब! आसं कसं हुईल? म्या त्येला दादा म्हणतो."

"गावात कोण कुणाला दादा म्हणतं त्यावर सरकार चालत नाही."

"न्हाय चालत. पर दादा दसऱ्याचा हाय आन म्या त्येच्या फुडच्या चैतातला. दादा पाळण्यात हुता तवा माजी आई पोटुशी हुती. समदं गाव सांगंल."

"दाखला काय सांगतो ते बघायचं असतं."

लिंबाजीचं हसू गेलं. हळूच म्हणाला, "दाखला उर्दूत हाय, सायेब. त्यो काय सांगतो ते तुमालाच कळतंय."

श्रीपती इतका वेळ खाली मान घालून उभा होता. त्यानं पोस्टकार्ड खिशात घातलं, लिंबाजीच्या खांद्याला हात लावला आणि दोघं गेले.

कचेरी सुटायच्या वेळी मी दोघांच्या दाखल्यांचे मराठी केलेले कागद काढले. श्रीपतीच्या कागदावर महिना आजूर, म्हणजे ऑक्टोबर. लिंबाजीच्या कागदावर खुरदाद, म्हणजे एप्रिल. साल एकच. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. आजूरला पाचशे नव्वद बरोबर होते. खुरदादला पाचशे एक्याण्णव पाहिजे होते. दादा थोरलाच होता, सहा महिन्यांनी. लिंबाजी चोवीस वर्षांचा होता आणि मी त्याला पंचविशीपार नेऊन ठेवला होता.

 मी त्या दुपारची बाकीची कार्डं उपसली. अमरदाद, तीर, मेहेर, पुन्हा खुरदाद. सगळे एकेक वर्षानं म्हातारे करून ठेवलेले. कित्येकांवर लाल रेघ. त्यातल्या एकेकाच्या घरी काय झालं असेल हा विचार तेव्हा मनात आला असता तर मी आज स्वतःला बरा माणूस म्हटलं असतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो वडिलांच्या शेरवानीचा.

त्या महिनाअखेर माझी मुदत संपत होती. हुकमाचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडून होता. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "उर्दूचं काम आता आटोपत आलं. तुमचं काय करायचं ते बघू." आणि मी त्यांना जाऊन काय सांगायचं? की ज्या एका विद्येसाठी मला ठेवलंय तिचीच मी माती केली?

करायचं तसं थोडकंच होतं. मंगळवारच्या मुलाखतीआधी साहेबांच्या सहीची एक ओळ त्या खात्याला गेली असती तर लिंबाजीचं नाव यादीला जोडता आलं असतं. असं पूर्वी झालेलं होतं. शनिवारी मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो आणि आत कुणीतरी बसलंय म्हणून परतलो. आत कुणी नव्हतं, खुर्चीवर त्यांचा कोट होता. घरी बायकोनं विचारलं, अंगात कणकण आहे का. मी हो म्हणालो. रविवारभर अंथरुणात पडून सोमवारचं वाक्य पाठ केलं.

सोमवारी दोन्ही कागद घेऊन मी आत गेलो. साहेबांनी मान वर केली. "काय?"

 मी म्हणालो, "टाचण्या संपल्यात, साहेब."

त्यांनी खणातून टाचण्यांची डबी काढून दिली. मी ती घेऊन बाहेर आलो. डबी माझ्या टेबलावर पुढे बरेच दिवस होती, तिच्यातली टाचणी मी कधी वापरली नाही.

मंगळवारी दुपारी त्या खात्याच्या आवारावरून गेलो. जायची काही गरज नव्हती, पाय गेले. कडुनिंबाखाली लिंबाजी बसला होता. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. मला बघून लगबगीनं उठला.

"रामराम सायेब. दादा आत गेलाय. म्या आपला सोबतीला आलोय."

त्याच्या हातात त्याचा दाखला होता. मी विचारलं, "हा कशाला आणलास?"

"आसू द्या. कुणी इचारलं तर."

मी मान हलवली आणि चालू लागलो. मागून त्यानं पुन्हा रामराम घातला.

श्रीपतीची निवड झाली. गुरुवारी माझा मुदतवाढीचा हुकूम सही होऊन आला. तो खिशात घातल्यावर तासाभरात मला धीर आला. एवढ्यावरून माझ्या धैर्याची जात ओळखा. मी आत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं, फक्त चूक कळल्याची तारीख सोडून. कधी लक्षात आलं, ते सांगितलं नाही.

साहेब रागावले नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी बेरीज समजावून घेतली, मग चष्मा काढून म्हणाले, "अहो, सोमवारी टाचण्या मागायला आलात, तेव्हाच लक्षात आलं असतं तर एक ओळ लिहून पाठवली असती की. त्यात काय होतं?" माझा हुकूम, माझी नोकरी, यातलं काहीच त्यांच्या बोलण्यात आलं नाही. सगळी उर्दू कार्डं पुन्हा तपासायला सांगून ते पुढच्या कागदाकडे वळले. त्या कामाला तीन महिने लागले. काही जण पुन्हा पंचविशीच्या आत आले, त्यांतल्या काहींना पुढे नोकऱ्याही लागल्या.

लिंबाजीला मी बोलावून सांगितलं, "कचेरीची चूक झाली होती. तुझं वय दुरुस्त केलंय." 'कचेरीची' हा शब्द मी आधी ठरवून ठेवला होता.

"म्हंजी म्या एका वर्सानं ल्हान झालो?" त्यानं पायरीवर बसलेल्या साऱ्यांना ओरडून सांगितलं, "आयकलं का वो, मला सरकारनं एक वरीस दिलं!"

वर्ष कसलं, पंचविशीला आठ-नऊ महिने उरले होते. तेवढ्यात शिपायांची एकच मागणी आली. त्या खात्यानं सातवी पासची अट घातली होती. चौथीवाल्यांच्या पेटीला त्या वेळी हातच लागला नाही. पुढे पुढे तशीच अट येऊ लागली.

चैत्रात तो शेवटचा आला. मी कार्ड पुढं घेतलं, पेन्सिल उचलली. त्यानं गजांतून आत हात घातला, अडवायला नव्हे, नुसता टेबलाच्या कडेला टेकवला.

"सायेब, आजून एक डाव तपासून बगा की. मागं एक वरीस निगालं हुतं. आजून एकादं निगंल."

मी तपासल्यासारखं केलं. कागद उलटसुलट केले, बोटं मोजली. मग नाही म्हणालो. त्या दिवशी रेघ मारताना मी नाव वाचलं. त्यानंतर तो कचेरीत आला नाही. ढोकीचा कारखाना सुरू झाल्यावर तो हंगामात ऊस तोडायला जातो असं श्रीपतीकडून कळे. श्रीपती वाटेत भेटला की सायकलवरून उतरून नमस्कार करी. मला तो चुकवावासा वाटायचा.

मी यथावकाश कायम झालो. माझाही जन्म अमरदादचा, म्हणजे जूनचा. माझ्या सर्व्हिस बुकात कुणा घाईतल्या कारकुनानं सरळ पाचशे नव्वद मिळवलेले होते, त्यामुळे मी एक वर्ष आधीच निवृत्त होणार होतो. दुरुस्तीचा अर्ज करा असं सगळे सांगत होते. मी केला नाही. याला कुणी प्रायश्चित्त म्हणेल, पण लिंबाजीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खरं सांगायचं तर अर्जावर पाचशे एक्याण्णव हा आकडा माझ्या हातानं लिहायची मला भीती वाटली.

त्या वर्षी मी घरी बसलो. हातपाय धड, डोकं धड, आणि कुणाला आपला उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात एका सकाळी पाहिलं तर मी अंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसलो होतो आणि बायको पोरांना गप्प राहायची खूण करत होती. त्या रविवारी मी बेंबळीची एस.टी. धरली. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं.

लिंबाजी अंगणात कोयत्याला मूठ बसवत होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. पाठ वाकलेली, केस पिकलेले, बोटं उसाच्या पाचटानं चिरलेली. मला बाजेवर बसवून तो समोर जमिनीवर बसला. पाठ केलेलं वाक्य या वेळी मी बोललो. ती चूक कचेरीची नव्हती, माझी होती. आणि मंगळवारच्या आधी, शुक्रवारीच मला ती कळली होती. सोमवारी मी साहेबांपुढं उभासुद्धा राहिलो होतो.

तो कोयत्याची मूठ फिरवून बघत राहिला.

"चूक तुमची हाय ते मला ठावं हुतं, सायेब. पैल्या दिशीच म्या सांगितलं हुतं, दादा थोरला हाय म्हणून. तुमी लिवून घेतलं न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "शुक्करवारी कळलं हुतं, ते ठावं नव्हतं."

  त्यानं कोयता बाजूला ठेवला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "दादा, सायेब आल्यात. च्या टाकाय सांगा."

श्रीपती बाहेर आला. सुटीचा दिवस म्हणून घरी होता. काळे केस, ताठ पाठ, अंगावर इस्त्रीचा सदरा. नवख्या माणसानं दोघांना शेजारी पाहिलं असतं तर लिंबाजीलाच थोरला म्हटलं असतं. श्रीपतीनं मला हात जोडले. लिंबाजी गुडघ्यावर तळवा टेकून कसाबसा उठला आणि आपल्या थोरल्या भावाला बसायला पोतं झटकून दिलं.